छपराला भोक का पाडतात? आग विझवणाऱ्यांचा एक जुना वाद

मागच्या व्याख्यानात आपण शहरातल्या आगी आणि पाणी यांच्याबद्दल बोललो. बंब कसे आले, नळ कसे आले, माणसांची साखळी करून बादल्या फिरवणं कधी थांबलं. त्या दिवशी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला होता, तो आम्ही मुद्दाम राखून ठेवला. प्रश्न असा : अमेरिकन चित्रपटांत घराला आग लागली की दोघं-तिघं जवान शिडी लावून थेट छपरावर चढतात आणि कुऱ्हाडीने नाहीतर करवतीने छपराला भोक पाडायला लागतात. खाली घर जळतंय आणि हे वर जाऊन आणखी मोडतोड करतायत. हे कशासाठी? आणि आपल्याकडे असं कधी दिसत का नाही?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा वाद आहे. जळत्या इमारतीत हवा जाऊ द्यायची की नाही, हा तो वाद. त्यात दोन्ही बाजूंनी माणसं गेलेली आहेत. छपराला वाट नव्हती म्हणून गेली, आणि ती वाट करायला वर चढली म्हणूनही गेली. आज या दोन्हींबद्दल बोलू.

आधी थोडं आगीचं. कंदील ज्यांनी वापरलाय त्यांना हे सांगायला नको. कंदिलाला खालून हवा मिळते, वरून धूर आणि गरम वारा निघून जातो. काचेच्या तोंडावर काही झाकण ठेवलं तर ज्योत लगेच विझत नाही. आधी ती लालसर होते, लांबते, काच काजळीने काळी होते, मग ती गुदमरते. आणि गुदमरत असताना झाकण काढलं तर भक्कन वर येते. जळत्या खोलीत हेच सगळं मोठ्या मापात होतं. धूर आणि गरम वायू वर जातात, छताला थडकतात, आडवे पसरतात आणि मग थर जाड होत होत खाली उतरतो. जमिनीलगत दोन वीत बरी हवा, तिच्यावर काळोख, आणि छताजवळ पाचशे-सहाशे अंशांची उष्णता. हा काळा थर म्हणजे नुसता धूर नव्हे, ते न जळलेलं इंधन आहे. त्याला पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली की खोलीतलं सगळं जवळजवळ एकदम पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि तो झालेल्या खोलीत माणूस जगत नाही.

आता छपराला, बरोब्बर आगीच्या डोक्यावर, भोक पाडलं तर काय होईल? तो थर वर निघून जाईल. खाली डोळ्यांना दिसायला लागेल, श्वास घेता येईल, आत अडकलेला माणूस सापडेल, पाण्याची नळी घेऊन आत शिरलेल्यांच्या अंगावरची धग कमी होईल. भोक पाडण्याच्या बाजूने जे काही आहे ते हे इतकंच, आणि ते खरं आहे. पण कंदिलाचं दुसरं अंगही तितकंच खरं आहे. वरून धूर गेला की खालून तेवढी ताजी हवा आत ओढली जाते, आणि त्या हवेवर आग मोठी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. भांडण आहे ते त्यातली कुठली आधी पूर्ण होते याचं.

'बंद ठेवा' म्हणणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणजे जेम्स ब्रेडवुड. १८२४ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो एडिंबरोच्या अग्निशमन दलाचा प्रमुख झाला. घरचा धंदा बांधकामाचा. त्याने दलात माणसं घेतली तीही गवंडी, सुतार, छप्पर शाकारणारे अशी. इमारत कशी उभी राहते हे ज्याला कळतं त्यालाच ती कशी पडेल हे कळतं, असा त्यामागचा हिशोब. १८३० साली त्याने बंबांची रचना, जवानांचं शिक्षण आणि आगीच्या वेळची रीत यांवर पुस्तक लिहिलं. रीत अशी की बाहेर उभं राहून लांबून पाणी फेकू नका. रांगत आत जा, जमिनीजवळ हवा असते, आगीच्या जवळ जाऊन पाणी मारा. आणि पाणी तयार होईपर्यंत दारंखिडक्या बंद ठेवा. त्या काळी आग लागली की जमलेले लोक मदत म्हणून सगळ्यात आधी खिडक्यांची तावदानं फोडायचे. ब्रेडवुडला ते अजिबात खपायचं नाही.

१८३३ साली तो लंडनला गेला आणि १८६१च्या जून महिन्यात टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत अंगावर भिंत कोसळून गेला. थेम्सच्या काठची ती गोदामं ताग, कापूस, साखर, चरबी यांनी भरलेली होती. गोदामांच्या मधली लोखंडी दारं, जी अशा वेळी बंद असायला हवीत, ती उघडी राहिली होती असं सांगतात. आयुष्यभर ज्याने दारं बंद ठेवा म्हणून सांगितलं त्याचा शेवट असा झाला. पण त्याची शिकवण ब्रिटनमध्ये टिकली आणि ब्रिटिश वळणावर जिथे जिथे अग्निशमन दलं उभी राहिली तिथे ती गेली. मुंबईचं दल त्याच वळणाचं. छपरावर चढून भोक पाडणं आपल्याकडे दिसत नाही याचं एक कारण हे. दुसरं, अधिक साधं कारण : आपल्या शहरांवर आता काँक्रीटचा स्लॅब आहे, त्याला कुऱ्हाड काय करणार? गावाकडच्या कौलारू घरात मात्र कौलं उचकटली की वर वाट होते, आणि त्याला करवतही लागत नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली, कारण घरं वेगळी होती. तिथे लाकूड मुबलक. घरांच्या भिंतीच लाकडी चौकटीच्या, आतून पोकळ. खालच्या मजल्यावर लागलेली आग त्या पोकळीतून सरळ माळ्यावर पोचायची. दारं बंद करून अशी आग कोंडता येत नाही, कारण भिंतच गळकी आहे. ती वरून कुठेतरी बाहेर पडणारच. मग कुठून पडायचं ते आपण ठरवलेलं बरं, असा विचार तिथल्या दलांत रुजला.

पण छपरातली वाट सगळ्यात स्पष्टपणे शिकवली ती नाटकगृहांनी. रंगमंच म्हणजे खरं तर एक प्रचंड धुराडं : वर उंच पोकळी, तिच्यात टांगलेले शेकडो रंगवलेले कापडी पडदे, दोरखंड, लाकूड. खाली गॅसचे, नंतर विजेचे दिवे. व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला ८ डिसेंबर १८८१ रोजी आग लागली; सरकारी आकडा ३८४ मृतांचा. त्यानंतर तिथल्या अभियंत्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. नाटकगृहाची लहान प्रतिकृती बांधली आणि ती पेटवून पाहिली, रंगमंचावरचे झरोके एकदा उघडे ठेवून, एकदा बंद ठेवून. झरोके उघडे असले की हवा प्रेक्षागृहाकडून रंगमंचाकडे वाहते आणि धूर वरून जातो. बंद असले की तोच धूर पडद्याला ढकलून प्रेक्षकांवर येतो. कागदावर हे कळलेलं होतं.

आणि तरी ३० डिसेंबर १९०३ उजाडला. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर, उघडून पाच आठवडे झालेले. जाहिरातीत 'संपूर्ण अग्निरोधक' असं लिहिलेलं. नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ, गर्दी बायका-मुलांची, उभं राहूनही पाहणारे. रंगमंचावरच्या प्रखर दिव्याने एका पडद्याची कड पेटली. अॅसबेस्टॉसचा सुरक्षापडदा खाली सोडला तो मध्येच अडकला. रंगमंचाच्या छपरात धूर जाण्यासाठी झरोके होते, पण ते बंद करून पक्के केलेले होते. मागे नट-नट्यांनी जीव वाचवण्यासाठी रंगमंचाचं मोठं दार उघडलं. त्यांनी करायला नको होतं असं कोण म्हणेल? पण बाहेर शिकागोचा डिसेंबर. थंड वारा त्या दारातून आत शिरला, वर जायला वाट नव्हती, आणि आगीचा लोट अडकलेल्या पडद्याखालून प्रेक्षागृहात गेला, वरच्या सज्जांकडे. सहाशेच्या वर माणसं गेली. ६०२ हा आकडा सहसा दिला जातो. इमारत मात्र जवळजवळ शाबूत होती. त्या अर्थाने जाहिरात खोटी नव्हती. दुरुस्ती करून, नाव बदलून पुढच्याच वर्षी ती पुन्हा सुरू झाली.

जॉन फ्रीमन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने त्यानंतर नाटकगृहांच्या सुरक्षेचा सविस्तर अभ्यास केला. त्याचा सगळ्यात मोठा भर कशावर होता, तर रंगमंचावरचे झरोके पुरेसे मोठे हवेत आणि ते आपोआप उघडायला हवेत, कुणाच्या लक्षात राहण्यावर ते अवलंबून नको. आजही जुन्या पद्धतीच्या नाटकगृहात रंगमंचाच्या छपरावर अशी झडप असते. पुढच्या वेळी नाटकाला गेलात तर विचारून पाहा. कुणाला माहीत असेलच असं नाही.

इथे लक्षात घ्या : हा झरोका आधीच केलेला होता, फक्त उघडा हवा होता. न्यूयॉर्कच्या छपरावरच्या माणसाचं पहिलं कामही भोक पाडण्याचं नव्हतंच, आधीच असलेलं दार उघडण्याचं होतं. आम्हाला हा सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला भाग वाटतो, म्हणून इथे थोडं थांबू.

न्यूयॉर्कच्या जुन्या चाळी, ज्यांना तिकडे टेनेमेंट म्हणतात, पाच-सहा मजली, एकमेकींना चिकटून उभ्या, सपाट छपराच्या. मधोमध एकच जिना. दुसऱ्या मजल्यावर आग लागली आणि घाबरलेल्या कुटुंबाने पळताना घराचं दार उघडंच टाकलं, की जिना म्हणजे धुराडं. धूर सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन साचतो आणि तिथून खाली भरत येतो. आगीपासून सर्वांत लांब असलेली माणसं आधी गुदमरतात. म्हणून शिडीच्या गाडीवरच्या एका जवानाचं काम ठरलेलं : तो जळत्या इमारतीच्या जिन्याने कधीच जायचा नाही, शेजारच्या इमारतीतून किंवा शिडीवरून छपरावर जायचा आणि जिना जिथे छपरावर निघतो तिथलं दार फोडायचा. त्या क्षणी जिन्यातला धूर वर निघून जायचा आणि वरच्या मजल्यावरच्यांना श्वास मिळायचा. मग तो छपराच्या कडेवरून मागच्या बाजूला आणि हवेसाठी सोडलेल्या चौकांत डोकावायचा : कुणी खिडकीत लटकलंय का, कुणी उडी मारलीय का. खालच्या अधिकाऱ्याला इमारतीची मागची बाजू दिसतच नसते. ती फक्त याला दिसते.

आता आपल्या इमारतींकडे या. आपल्याकडे छप्पर कापता येत नाही हे खरं, पण जिना वर गच्चीवर निघतो हे तर तसंच आहे. आणि गच्चीच्या दाराला कुलूप. पोरं वर जातात, कुणी दारू पितं, टाकीत काही पडेल, कारणं सगळी खरी असतात. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी गावाला. धूर जिन्यात भरला तर तो जाणार कुठे आणि वर पळालेली माणसं जाणार कुठे, याचं उत्तर त्या कुलपाजवळ आहे. (या ठिकाणी सभागृहातून एका ताईंनी विचारलं की मग आग लागल्यावर लगेच धावत जाऊन गच्चीचं दार उघडावं का. त्यावर आमचं म्हणणं एवढंच की धुराने भरलेल्या जिन्यात वर धावणं हे काम तुमचं नाही. आग लागलेल्या घराचं दार आपल्यामागे ओढून घेणं हे मात्र तुमचं आहे. ते दार बंद असेल तर जिना धुराडं होतच नाही. आणि कुलपाचा निर्णय सोसायटीच्या सभेत घ्यायचा, आगीच्या वेळी नाही.)

परत न्यूयॉर्कला. दार उघडून झालं की मग, सर्वांत वरच्या मजल्यावर आग असेल तर, कापायचं. वरच्या मजल्याचं छत आणि छप्पर यांच्यामध्ये हात-दोन हात उंचीची पोकळी असते. आग तिच्यात शिरली तर ती आडवी पळते आणि चिकटलेल्या चाळींची रांगच्या रांग घेते. म्हणून बरोब्बर आगीवर, साधारण चार फूट बाय चार फुटांचं भोक, पुढे गरजेप्रमाणे वाढवलेलं. डांबरी कागद, खाली फळ्या, खाली वासे. फळ्या कापायच्या, वासे नाही. वाशांवर तर तुम्ही उभे आहात. वारा पाठीशी घ्यायचा. छपरावरून उतरायच्या दोन वाटा आधी पाहून ठेवायच्या. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी दांड्याने ठोकून पाहायचं. फळ्या उचकटल्या की लांब दांड्याचा आकडा भोकातून खाली घालून खालच्या खोलीचं छत फोडायचं. नवखा माणूस इथेच चुकतो. छप्पर कापून खूश होतो, आणि धूर खोलीतच राहतो, कारण मधलं छत तसंच आहे. आग पुढे गेलीच असेल तर छपरावर आडवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, साधारण तीन फुटी चर कापायचा आणि तिथे तिला गाठायचं. वणवा रोखायला गावकरी जाळपट्टा काढतात, तसंच हे. आधी हे सगळं कुऱ्हाडीवर चालायचं. १९४८ साली ह्यू हॅलिगन या न्यूयॉर्कच्याच अधिकाऱ्याने दारं आणि झडपा उचकटायची पहार बनवली. तिला आजही त्याचंच नाव आहे. पेट्रोलवरच्या करवती नंतर आल्या.

ही कारागिरी होती. ती इमारतीच्या ज्ञानावर उभी होती, ब्रेडवुडच्या गवंडी-सुतारांसारखीच.

दरम्यान अमेरिकेतच उलट बाजूचा आवाजही उठला. लॉइड लेमन हा वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग या गावाचा अग्निशमन प्रमुख. दुसऱ्या महायुद्धात त्याने बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीत तटरक्षक दलाची अग्निशमन शाळा चालवली. तिथे आगी जहाजांच्या यंत्रघरातल्या. जहाजाच्या पोलादी डेकला भोक पाडायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी सगळं बंद केलं आणि वरून बारीक फवारा आत सोडला. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सतराशेपट जागा व्यापते, ती खोली भरून टाकते, हवा बाहेर ढकलते आणि आग बसते. १९५० साली त्याने हे घरांच्या आगीसाठी मांडलं. निबंधाचं नाव होतं 'पाण्याचे छोटे थेंब'. तत्त्व चोख होतं. अडचण एकच, पण मोठी : ती वाफ आत अडकलेल्या माणसालाही भाजते. जहाजाच्या यंत्रघरात कुणी नाही याची खात्री करता येते, घरात येत नाही. त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी लेमनचा फवारा घेतला आणि बंद दार सोडलं. आमच्या मते त्यांनी अर्धाच धडा घेतला.

उघडं ठेवा म्हणणाऱ्यांना लगेच एक मोठं उदाहरण मिळालंही. १२ ऑगस्ट १९५३, मिशिगनमधल्या लिव्होनियाचा मोटारींचे गिअर बनवणारा कारखाना. तीस एकरांहून मोठं एकच छप्पर, मध्ये आग अडवणारी भिंत नाही, वर धुराला वाट नाही. छपरावरचं डांबर वितळून आत ठिबकू लागलं आणि तेच जळू लागलं. जवानांना आत जाणं अशक्य झालं, कारखाना गेला. आज कारखान्यांच्या आणि गोदामांच्या पत्र्यात ज्या धुराच्या झडपा असतात, त्यांचा आग्रह या आगीनंतर वाढला.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे व्याख्यान आम्ही राखून ठेवलं होतं. २ ऑगस्ट १९७८, सकाळ. ब्रुकलिनच्या शीप्सहेड बे भागातलं एक सुपरमार्केट. आत दुरुस्तीचं काम चाललेलं. छप्पर धनुष्याच्या आकाराच्या मोठ्या लाकडी कैच्यांवर पेललेलं. ही रचना मोठी हुशार आहे : आत एकही खांब न ठेवता भलीमोठी जागा झाकता येते. म्हणून गॅरेज, बोलिंगचे हॉल, दुकानं यांच्यावर ती सर्रास वापरली गेली. पण तिच्यात दोन वाईट गोष्टी आहेत. एक, छताच्या वर, कैच्यांच्या मधे, अख्ख्या इमारतीएवढी पोकळी असते. तिथे आग लागली तर खालून दुकान जवळजवळ स्वच्छ दिसतं. दुसरी, चाळीच्या छपरात वासे दीड-दीड फुटांवर. एक जळाला तर शेजारचा पेलतो, छप्पर आधी मऊ लागतं, झोल खातं, पायाला कळतं. कैच्या मात्र कितीतरी लांब लांब असतात. एक गेली की तिच्या दोन्ही अंगांचं छप्पर एकदम जातं, आणि जाईपर्यंत पायाखाली सगळं ठणठणीत लागतं.

त्या सकाळी जवान शिकवल्याप्रमाणे वर गेले. शिकवल्याप्रमाणे ठोकून पाहिलं, कापायला लागले. त्यांच्यातल्या एकाची पत्नी आणि मुलं त्याला घ्यायला आली होती, पाळी संपत आली होती. ती रस्त्यावर उभी, त्याने वरून हात केला. थोड्याच वेळात छपराचा मधला भाग खाली गेला. सहा जवान मेले, त्यांत तो एक.

त्यांनी काही चूक केली होती का? आम्ही याचा पुष्कळ विचार केलाय, आणि उत्तर नाही असंच येतं. ते चाळीच्या छपरासाठी बनलेलं ज्ञान घेऊन दुसऱ्याच छपरावर गेले होते. दहा वर्षांनी, १ जुलै १९८८ला, न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकला एका मोटारविक्रीच्या दुकानात तसंच छप्पर पडलं आणि पाच जवान गेले. तेव्हा ते छताखाली होते. तोपर्यंत नव्या घरांची छपरंही बदलली होती. जाड वाशांऐवजी बारीक लाकडाच्या कैच्या, आणि त्यांचे सांधे दात असलेल्या पत्र्याने दाबून बसवलेले. ते दात लाकडात जेमतेम एक सेंटिमीटर जातात. तेवढं लाकूड कोळसा झालं की सांधा सुटला.

आणि छपराखाली काय आहे तेही बदललं होतं. जुन्या घरात लाकडी खुर्ची, कापसाची गादी, सुती पडदा. नव्या घरात फोमचा सोफा, कृत्रिम धाग्यांचे पडदे आणि गालिचे. अमेरिकेतल्या यूएल या प्रयोगशाळेत दोन सारख्या खोल्या बांधून, एकीत जुन्या पद्धतीचं आणि एकीत नव्या पद्धतीचं सामान मांडून, दोन्ही पेटवून पाहिल्या. जुन्या खोलीत फ्लॅशओव्हर व्हायला जवळजवळ अर्धा तास लागला. नवीत चारएक मिनिटं. जुन्या काळी बंब पोचायचा तेव्हा आग अजून वाढत असायची. आता पोचतो तेव्हा तिने खोलीतली हवा संपवलेली असते आणि ती दबा धरून बसलेली असते, भरपूर न जळलेला धूर साठवून. बाहेरून वाटतं, आग शांत आहे. झाकलेला कंदील.

अशा आगीवर छपराला भोक पाडलं तर? स्टीव्ह कर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या आत अख्खी घरं बांधून, त्यांच्या छपरांत झडपा ठेवून हे तपासलं. २०१३ साली निष्कर्ष आले. चार बाय चारचं भोक पुरलं नाही. चार बाय आठचंही पुरलं नाही. पाणी नसताना वरून जेवढी उष्णता गेली त्याहून जास्त हवा दारातून आत आली, आणि आग शांत होण्याऐवजी घरभर वाढली. जवानांनी आत जाण्यासाठी उघडलेलं पुढचं दार हीसुद्धा हवेची वाटच निघाली. पण आधी आगीवर पाणी पडलं आणि मग छप्पर उघडलं, तर तेच भोक अगदी जुन्या जवानांनी सांगितलं होतं तसं काम करतं. धूर वर ओढला जातो, खोली निवळते. आणि ज्या झोपायच्या खोलीचं दार बंद होतं, त्या खोलीत माणूस जगू शकेल अशी हवा बराच वेळ टिकली. ब्रेडवुडला हे वाचून नवल वाटलं नसतं.

२०१२च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या दलाने गव्हर्नर्स आयलंडवरची रिकामी घरं संशोधकांबरोबर जाळून हेच पाहिलं होतं. त्यानंतर तिथल्या खाजगी घरांच्या आगींसाठी छप्पर आणि खिडक्या उघडण्याचे नियम बदलले. जुन्या लोकांना ते रुचलं नाही, आणि त्यांचा राग आम्हाला समजतो. ज्याने वर्षानुवर्षं दार फोडून जिना मोकळा केला आणि वरच्या मजल्यावरून जिवंत मुलं खाली येताना पाहिली, त्याला प्रयोगशाळेतला आलेख दाखवून थांब म्हणणं सोपं नाही. आणि चाळीच्या जिन्याबाबत तो बरोबरच होता. जिन्यावरचं दार आजही उघडतात. बदललंय ते घराच्या छपरावरचं भोक, आणि त्यातही पाडायचं की नाही हे नाही, केव्हा हे.

आता रीत अशी आहे. छपरावरचा जवान पूर्वीसारखाच वर जातो. ठोकून पाहतो, वारा पाहतो, मागची बाजू पाहून खाली कळवतो. कापायची जागा ठरवतो, अवजारं तयार ठेवतो. मग वॉकी-टॉकीवर खालच्यांना विचारतो. नळीवाले आत पोचले, आगीवर पाणी सुरू झालं असं उत्तर आलं की तो कापतो. उत्तर येईपर्यंत, खालून कितीही धूर येत असला तरी, तो तिथे थांबतो.